दिवस थोडे असतील तर काय अपुरं राहू द्यावं आणि काय थकवू नये

नागपूरच्या बेसा भागात राहणाऱ्या आणि मिहान या औद्योगिक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या एका ३६ वर्षांच्या ताईंचा प्रश्न आहे. वर्षभरात त्यांचा मावसभाऊ ४१व्या वर्षी झोपेतच गेला आणि चर्चच्या मंडळीतली एक मैत्रीण कॅन्सरने गेली. प्रार्थना गटातले म्हणतात, "दिवस थोडे उरलेत, नोकरी सोड, पूर्णवेळ सेवेत ये." घरी फ्लॅटचा हप्ता आहे, मुलगी तिसरीत आहे. त्यांना रात्री झोप लागत नाही. त्या विचारतात: आयुष्य इतकं बेभरवशाचं असेल, तर ख्रिस्ती माणसाने विश्वासू राहायचं म्हणजे सोमवारी सकाळी उठून नेमकं काय करायचं? आणि मरणाची भीती वाटते याचा अर्थ विश्वास कमी पडतो असा होतो का?

ताई, जय ख्रिस्त.

मी पाळक, म्हणजे मंडळीचा पास्टर आहे. नागपुरात सेवा करताना माझा पुष्कळ वेळ मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांच्या आणि कॅन्सर हॉस्पिटलच्या वॉर्डांत, रुग्णांच्या खाटेशेजारी गेला आहे. तिथे जे पाहिलं आणि शास्त्रात जे वाचतो, त्यावरून एक गोष्ट ठामपणे सांगतो. काम अपुरं राहणं वेगळं आणि देणं थकणं वेगळं. आयुष्य थोडं आहे हे कळलं की माणूस काम अपुरं राहील म्हणून घाबरतो, आणि त्या घाईत देणी तशीच राहून जातात. काम संपवूनच जा, असं देवाने आपल्याला कुठेही सांगितलेलं नाही. देणी मात्र तो आजच्या आज मागतो.

तुमच्या गटातल्या लोकांनी बहुधा बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा चौथा अध्याय वाचून दाखवला असेल. आयुष्य म्हणजे वाफ, थोडा वेळ दिसते आणि नाहीशी होते, असं तिथे लिहिलं आहे. पण तो उतारा कोणाला उद्देशून आहे ते बघा. अमुक शहरी जाऊ, वर्षभर राहू, व्यापार करू, पैसा कमावू, असं ठरवणाऱ्या व्यापाऱ्यांशी याकोब बोलतो आहे. दुकान बंद करा, असं तो त्यांना म्हणत नाही. प्रभूची इच्छा असेल तर जगू आणि हे किंवा ते करू, असं म्हणायला सांगतो. म्हणजे बेत करा, पण उद्याचा दिवस आपल्या खिशात आहे असं समजू नका. त्याच दमात तो म्हणतो की चांगलं काय ते कळत असून जो करत नाही, त्याला ते पाप आहे. आणि पुढे पाचव्या अध्यायात चौथ्याच वचनात शेतात कापणी करणाऱ्या मजुरांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीचा विषय येतो. ती मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे.

मला हा क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आयुष्याच्या क्षणभंगुरतेवर आपल्याकडे खूप प्रवचनं होतात आणि लोक डोळे पुसत घरी जातात. याकोब मात्र त्या विषयावरून थेट थकलेल्या मजुरीवर येतो. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २४व्या अध्यायातही हेच आहे: मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत दे, कारण तो गरीब आहे, त्याचा जीव त्यात गुंतला आहे. तेव्हा सोमवारी सकाळी काय करायचं याचं माझं पहिलं उत्तर हे, की तुमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा पगार कोणत्या तारखेला होतो ते बघा. दहा तारखेपर्यंत लांबत असेल तर एक तारखेला द्यायला लागा. हे छोटं वाटेल. पण ज्या गोष्टीला उशीर झाला की दुसऱ्याच्या घरची चूल अडते, ती देवाच्या हिशेबात छोटी नाही.

आता अपुऱ्या कामाबद्दल. आपल्या नागपुरात हा धडा डोळ्यांसमोर आहे. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ च्या सुमारास स्कॉटलंडहून इथे आले. शाळा काढली, मराठी शिकले, आणि या भागातले दगड, जीवाश्म, गोंडांची भाषा आणि चालीरीती यांचा बारकाईने अभ्यास केला. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट परिसरातली प्राचीन शिळावर्तुळं पाहून परतताना पुराने फुगलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. ४६वा वाढदिवस चार दिवसांवर आला होता. आदिवासींवरचं त्यांचं लिखाण टेबलावर तसंच राहिलं. सर रिचर्ड टेंपल यांनी ते संपादित करून १८६६ मध्ये छापलं. त्यांच्या नावाचं कॉलेज तर १८८३ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर वीस वर्षांनी उभं राहिलं. त्यांनी कॉलेज पाहिलं नाही आणि आपल्या पुस्तकाचं छापील पानही पाहिलं नाही. त्यांचं आयुष्य वाया गेलं असं नागपुरात कोणी म्हणेल का?

मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचंही तसंच. तेही काही काळ नागपुरातल्या धनिक बुटींच्या आश्रयाने राहिले होते. बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. १९१७ मध्ये, पन्नाशी उलटून गेल्यावर, त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. मे १९१९ मध्ये ते गेले. 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं, त्याचे सुरुवातीचे अध्यायच लिहून झाले होते. पुढचा मोठा भाग त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी लिहिला, ज्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या आणि लग्नानंतर अक्षरं शिकल्या. आपलं अपुरं काम पुढे कोणाच्या हातात जाईल, हे देवाच्या मर्जीवर असतं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच शहरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. सुरुवातीला त्या बैठकीत बसलेल्यांपैकी किती जण तो दिवस पाहायला उरले असतील?

आणि सगळ्यांत वरचं उदाहरण प्रभूचं. वधस्तंभाच्या आदल्या रात्री योहानाच्या १७व्या अध्यायातल्या प्रार्थनेत येशू पित्याला म्हणतो की तू मला जे काम करायला दिलंस ते मी पुरं केलं आहे. वय तिशीचं, उघड सेवा साधारण तीन वर्षांची. त्या रात्री गालीलात आजारी माणसं नव्हती का? होती. आंधळे होते, कुष्ठरोगी होते, भुकेले होते. तरी तो 'पुरं केलं' म्हणतो, कारण जगातलं सगळं काम त्याच्या नावावर नव्हतं, पित्याने नेमून दिलेलं तेवढंच होतं. तुमच्या नावावरही सगळं काम नाही, ताई. रात्री झोप उडवणारी यादी तपासून पाहा. तिच्यातल्या कितीतरी गोष्टी देवाने तुम्हाला दिलेल्याच नसतील. काही गटातल्या कोणाच्या बोलण्यातून आलेल्या असतील, काही मोबाइलवर दुसऱ्यांची सेवा पाहून आलेल्या असतील.

देणं चुकतं करणं म्हणजे काय, हे मला एका माणसाने शिकवलं. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलतो. रेल्वेत नोकरी केलेले, अजनीला राहणारे. आयुष्यभर खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, खाल्लेला. विदर्भात हे वेगळं सांगायला नको, आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात प्रत्येक दुसऱ्या खाटेवर हीच कहाणी ऐकू येते. ऑपरेशनमध्ये जीभ गेली. बोलणं बंद. नातवाची चौकटीची वही आणि शिसपेन्सिल उशाशी असायची, त्यात लिहून सांगायचे. पहिल्या पानांवर 'पाणी', 'उशी वर', 'सिस्टरला बोलवा' असं होतं. ऑपरेशनच्या आधी त्यांनी मला हात धरून विचारलं होतं, "पास्टर, मले खरं सांगा न जी, डॉक्टर काय म्हणते?" मुलांनी मला बाहेर बजावून ठेवलं होतं की बाबांना सांगू नका. मी डॉक्टरांना आणि थोरल्या मुलाला सोबत बसवलं, आणि त्यांना खरं सांगितलं गेलं. ते भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पडून होते. नंतर त्यांनी वहीचं कोरं पान काढलं.

त्या पानावर डावीकडे नावं होती आणि उजवीकडे रक्कम किंवा एक-दोन शब्द. किराणावाला, पुढे आकडा. मंडळीतल्या एका विधवा बाईंचे उसने घेतलेले पैसे. 'जुन्या साहेबांना खोटं सांगितलं, ड्युटी.' खाली काटोलच्या धाकट्या भावाचं नाव आणि पुढे फक्त 'धुरा'. संत्र्याच्या बागेच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांत इतकं वाजलं होतं की आईच्या दफनालाही ते वेगवेगळ्या बाजूंना उभे होते. मुलाने किराणावाल्याचे आणि त्या बाईंचे पैसे देऊन टाकले. वडिलांनी त्या दोन ओळींवर रेघ मारली. साहेब कधीच वारले होते, ती ओळ आम्ही प्रार्थनेत प्रभूपुढे ठेवली. राहिला भाऊ.

तो आला तेव्हा मी तिथेच होतो. काटोलहून एसटीने आलेला, हातात पिशवी, दाराशीच थबकला. कोणी कोणाची माफी मागितली नाही. मोठ्या भावाने वही ओढली, लिहिलं आणि त्याच्यापुढे धरली. 'जेवला का?' धाकटा "नाही" म्हणाला आणि तिथेच रडायला लागला. नंतर त्यांच्या सुनेने डबा उघडून त्याला वाढलं आणि मोठा भाऊ, ज्याला स्वतःला नळीने अन्न जात होतं, त्याचा प्रत्येक घास बघत होता. धुरा कुठून जाईल याचं दोघांनी त्याच वहीवर चित्र काढलं. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू म्हणतो की वेदीपाशी दान आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे असं आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. ते वचन मी कितीदा तरी शिकवलं होतं, ते पाळताना कसं दिसतं हे त्या दिवशी पाहिलं.

तेव्हा तुमचं दुसरं काम: तुम्हीही एक पान काढा. आजारी पडायची वाट पाहू नका. कोणाचे पैसे, कोणाची माफी, कोणाला दिलेला शब्द, कोणाचं श्रेय आपण घेतलं. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो की एकमेकांवर प्रीती करण्याच्या ऋणाशिवाय कोणाच्या ऋणात राहू नका. फ्लॅटचा हप्ता वेळेवर जातो आहे, ते थकलेलं देणं नाही. त्याने मन खाऊ देऊ नका. पान भरलं की आठवड्याला एक ओळ घ्या. सगळ्या ओळींवर रेघ मारता येईलच असं नाही, समोरचा माणूस ऐकेलच असंही नाही. जिथवर तुमच्या हाती आहे तिथवर करा. रोमकरांच्या १२व्या अध्यायातही 'शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं' असंच आहे.

आपल्याला वाटतं, आणखी वर्षं मिळाली असती तर मावसभावाने, मैत्रिणीने काय काय केलं असतं. त्यांच्यासाठी रडा, ती हळहळ खरी आहे. पण जास्त वर्षं म्हणजे जास्त विश्वासूपणा असा हिशेब शास्त्र मांडत नाही. हिज्कीया राजाची गोष्ट वाचा, २ राजे २० वा अध्याय. यशया संदेष्टा येऊन सांगतो, आपल्या घराची निरवानिरव कर, तू मरणार आहेस. राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो आणि देव १५ वर्षं वाढवून देतो. त्या वाढीव वर्षांत काय झालं? बाबेलहून पाहुणे आले, राजाने मोठेपणाने त्यांना सगळं भांडार दाखवलं, आणि हे सगळं एक दिवस बाबेलला जाईल असा निरोप त्याला ऐकावा लागला. त्याच काळात मनश्शे जन्मला, जो १२ वर्षांचा असताना गादीवर बसला आणि यहूदाच्या वाईटांतला वाईट राजा ठरला. हिज्कीया चांगला राजा होता, देवाने त्याचं ऐकलंही. तरी मिळालेली वर्षं आपोआप चांगली होत नाहीत. म्हणून ९०व्या स्तोत्रात आपण दिवस वाढवून मागत नाही, दिवस मोजायला शिकव असं मागतो.

याच गोष्टीत आणखी एक वचन आहे, ते प्रत्येक मंडळीत मोठ्याने वाचलं पाहिजे. देवाने प्रार्थना ऐकल्यावर यशया अंजिरांचा लेप आणायला सांगतो, तो गळवावर लावतात आणि राजा बरा होतो. प्रार्थना आणि औषध एकाच खाटेवर, एकाच संदेष्ट्याच्या तोंडून. मला हे ठासून सांगायचं आहे, कारण केमो अर्धवट सोडून केवळ प्रार्थनासभांना नेलेले रुग्ण मी पाहिले आहेत. ते परत आले तेव्हा डॉक्टरांच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. कोणी तुम्हाला 'विश्वास असेल तर गोळ्या बंद कर' असं म्हटलं, तर ते ऐकू नका, तो कोणीही असो.

आणि तुमच्या मैत्रिणीबद्दल कोणी कुजबुजलं असेल की विश्वास पुरेसा असता तर ती वाचली असती, तर लूकाचा १३वा अध्याय उघडा. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली होती. ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का, असं विचारून प्रभू स्वतःच सांगतो: मुळीच नाही. बुरुजाखाली सापडलेल्यांचा न्याय करायचं काम त्याने कोणालाही दिलेलं नाही. ऐकणाऱ्यांना त्याने स्वतःचं मन वळवायला सांगितलं. तुमच्या मैत्रिणीच्या आईला ही कुजबुज ऐकू गेली असेल तर ते तिच्या दुःखावर मीठ आहे. तुम्ही जाऊन हे वचन तिच्यासोबत वाचा. दफनानंतर पहिल्या महिन्यात घरात पाय ठेवायला जागा नसते, महिला संघ येतो, सांत्वन प्रार्थना होते, चहाचे कप संपत नाहीत. चौथ्या महिन्यात कोणी येत नाही. तुम्ही चौथ्या महिन्यात जा, आणि मुलीचं नाव घेऊन बोला, टाळू नका.

भीतीचं आता सांगतो. भीती वाटते याचा अर्थ विश्वास नाही, असं मला कुठल्याही शुभवर्तमानात दिसत नाही. गेथशेमाने बागेत प्रभू स्वतः अस्वस्थ झाला, जमिनीवर पडून म्हणाला, शक्य असेल तर हा प्याला टळू दे. तीन शिष्यांना त्याने सोबतीला जागं राहायला सांगितलं, म्हणजे त्यालाही त्या रात्री माणसं जवळ हवी होती. मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या कबरेपाशी, पाच मिनिटांत त्याला उठवणार हे माहीत असूनही, तो रडला. पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे म्हणजे मरण गोड आहे असं नाही. पौल त्याला शेवटचा शत्रू म्हणतो, आणि शत्रूची भीती वाटणं स्वाभाविक आहे. त्या शत्रूचा पराभव झालेला आहे, ही आपली आशा. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीला पौल शोक करू नका असं सांगत नाही, आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असं सांगतो.

व्यवहाराचं म्हणाल, तर रात्री दोन वाजता आयुष्याचे निर्णय घेऊ नका. उठून पाणी प्या, दिवा लावून एखादं स्तोत्र मोठ्याने वाचा, नवऱ्याला जागं करून सांगा की भीती वाटते आहे. ४१व्या वर्षी जवळचं माणूस गेलं की आपल्याही छातीत धडधड होते, तेव्हा एकदा डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून घ्या, बीपी, साखर, जे काय ते. आणि झोप कित्येक आठवडे अशीच उडत राहिली तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा. एलीया संदेष्टा जीवाला कंटाळून झाडाखाली निजला, तेव्हा देवदूताने त्याला आधी भाकर आणि पाणी दिलं आणि पुन्हा झोपू दिलं. उपदेश नंतर झाला.

आता पूर्णवेळ सेवेचं. पाचारण खरं असतं, मी स्वतः त्याच वाटेने आलो आहे. पण घाबरलेल्या मनाने घेतलेल्या निर्णयाला मी पाचारण म्हणणार नाही. प्रभू लवकर येणार म्हणून थेस्सलनीकात काही लोकांनी काम सोडलं होतं, पौलाने त्यांना काय सांगितलं? शांत राहा, आपापला व्यवसाय करा, आपल्या हातांनी काम करा. तो स्वतः करिंथात तंबू शिवून पोट भरत होता. आपला शिष्य तीमथ्य याला तर त्याने स्पष्ट लिहिलं की जो आपल्या घरच्यांची तरतूद करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे. तिसरीतली मुलगी आणि डोक्यावरचं कर्ज ही तुमच्या सेवेच्या आड येणारी अडचण नव्हे, आज तरी ती सेवाच आहे. ओढ खरी असेल तर ती भीती ओसरल्यावरही टिकेल. वर्षभर थांबा. त्या वर्षात मंडळीच्या कामात हात घाला, संडे स्कूल घ्या, आजाऱ्यांच्या भेटीला या, पाळकांशी आणि नवऱ्याशी मोकळं बोला. ज्यांना तुमचे गुण-दोष माहीत आहेत अशा लोकांना पारखू द्या. आणि गटातले जे आग्रह करत आहेत, त्यांना शांतपणे विचारा की हप्ता कोण भरेल. हा अविश्वासाचा प्रश्न नाही. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, हे प्रभूचंच सांगणं आहे.

मिहानमधली नोकरीही देवासमोरचीच आहे. टीममधल्या ज्या पोराला अप्रेझलच्या वेळी सगळे बाजूला सारतात त्याच्या बाजूने खरं बोलणं, ज्या आकड्यावर सही करायला मन धजत नाही त्यावर सही न करणं, हे दिवस थोडे आहेत असं मानणाऱ्या माणसाला जास्त सोपं गेलं पाहिजे. त्याला काही गमावण्याची भीती कमी हवी.

शेवटी कागदपत्रं. पाळकाने यावर बोलावं का, असं काहींना वाटतं. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात ३२व्या अध्यायात यरुशलेमेला बाबेलच्या फौजेचा वेढा पडला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि तो चुलतभावाकडून अनाथोथचं शेत १७ शेकेल चांदीला विकत घेतो. साक्षीदारांसमोर सही, मोहोर, चांदी तराजूत तोलून, आणि करारपत्र बरेच दिवस टिकावं म्हणून मातीच्या भांड्यात. शहर पडणार हे त्याला इतर कोणाहीपेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी त्याने व्यवहार नीट, कागदावर केला, कारण या देशात पुन्हा घरं-शेतं विकत घेतली जातील असं देवाने सांगितलं होतं. फ्लॅटचा हप्ता भरताना मला हा अध्याय आठवतो, तुम्हीही आठवा.

आपल्या मंडळ्यांत तरुण माणूस गेला की बायको बँक, विमा आणि ऑफिस यांच्या चकरा मारून झिजते, कारण नवऱ्याने काहीच लिहून ठेवलेलं नसतं. हेही थकलेलं देणंच. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, भारतीय वारसा कायदा १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल तर, मुलं असताना, मागे राहिलेल्या बायकोला किंवा नवऱ्याला एक तृतीयांश आणि मुलांना दोन तृतीयांश असा वाटा पडतो, घरातल्यांच्या मनात काही वेगळं असलं तरी. मृत्युपत्र साध्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहिलं तरी चालतं. तुमची सही हवी आणि दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. लग्नाआधी मृत्युपत्र केलं असेल तर ख्रिस्ती माणसाचं ते लग्न झाल्याबरोबर रद्द होतं, नवं करावं लागतं. मंडळीला किंवा एखाद्या धर्मादाय कामाला काही द्यायचं असेल, तर पूर्वी कलम ११८ मुळे जवळचे नातेवाईक असणाऱ्या ख्रिस्ती माणसावर जाचक अटी होत्या. २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम रद्द केलं, तेव्हा आता ती अडचण नाही. नॉमिनीचं नाव टाकलं म्हणजे मृत्युपत्राची गरज संपली असं समजू नका. बहुतेक ठिकाणी नॉमिनी फक्त पैसे ताब्यात घेतो, मालकी कोणाची हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवतो. मुलगी सज्ञान नाही, म्हणून दोघांनाही एकदम काही झालं तर तिचा पालक कोण, हेही लिहा, आणि त्या माणसाला आधी विचारून लिहा.

शेवटच्या आजारात व्हेंटिलेटरवर किती काळ ठेवायचं याची इच्छाही लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये याला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते. आयुष्य देवाच्या हातात आहे असं मानणाऱ्याने हे करणं मला विश्वासाला धरूनच वाटतं. आयसीयूच्या दाराबाहेर आईबापांना आणि नवऱ्याला रात्री तीन वाजता भांडत ठरवावं लागू नये.

हे सगळं एका शनिवारी दुपारी होतं. नवऱ्याला घेऊन बसा, दोघांची दोन वेगळी मृत्युपत्रं लिहा, पॉलिसी, बँक खाती आणि कर्जाची यादी एका फाइलमध्ये ठेवा, फाइल कुठे आहे ते तिसऱ्या एका माणसाला सांगा. साक्षीदार रविवारी उपासनेनंतर मंडळीत मिळतील. फक्त ज्यांना त्यात काही देणार आहात, त्यांना किंवा त्यांच्या नवऱ्या-बायकोला साक्षीदार करू नका. मृत्युपत्र टिकतं, पण त्यांना दिलेलं मात्र रद्द होतं.